गिटार कुणी कुणाकडून घेतली?

आरोंद्यात तेरेखोलच्या काठावर उभं राहिलं की पलतडी किरणपाणी, म्हणजे गोवा. मधे पूल झाला, तरी पलीकडच्या संगीताबद्दल आमच्याकडच्या काही समजुती जागच्या हललेल्या नाहीत. दशावताराचा पखवाज आपला आणि गिटार-ड्रम्स त्यांचे, तेही उसने. कुणी म्हणतं पोर्तुगीजांनी दिले, कुणी म्हणतं हिप्पींनी.

तारखा पाहिल्या तर दोन्ही दावे टिकत नाहीत. गोव्यातली पोर्तुगीज सत्ता १९ डिसेंबर १९६१ रोजी संपली. बीटल्सची ‘लव्ह मी डू’ ही रेकॉर्ड ब्रिटनमध्ये बाजारात आली ५ ऑक्टोबर १९६२ रोजी. लिव्हरपूलचं ते बीट संगीत, म्हणजे ‘ब्रिटिश बीट’, गोव्यात पोचलं ते गोवा भारतात आल्यानंतर. हिप्पींचा तळ किनाऱ्यावर पडला तो साठच्या दशकाच्या अखेरीस. पण १९६५ मध्येच ‘गुमनाम’ या हिंदी चित्रपटात पडद्यावर टेड लायन्स आणि त्यांचा मुंबईचा खराखुरा बँड वाजवताना दिसतो. (गाणारा आवाज मात्र मोहम्मद रफींचा.)

पोर्तुगीज काळाची देणगी वेगळीच आहे. चर्चच्या शाळांत मुलांना गायन, व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत. त्या शिदोरीवर अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे गोव्याचे कलाकार मुंबईच्या चित्रपटसंगीताचा कणा झाले. बीट आलं तेव्हा ही जमीन आधीच नांगरलेली होती.

सगळ्यांत मोठा गैरसमज ‘ब्रिटिश बीट’ या नावातच बसला आहे. ते ब्रिटिशांनी जन्माला घातलं, जगानं नक्कल केली, असं सर्रास मानतात. इथे मला बॉबी व्ही या अमेरिकन गायकाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ३ फेब्रुवारी १९५९ ला विमान अपघातात अमेरिकन रॉक गायक बडी हॉली गेला. त्या रात्रीचा मिनेसोटातल्या मूरहेडचा त्याचा कार्यक्रम रद्द झाला नाही. मोकळ्या जागी शेजारच्या फार्गोच्या पोरांचा एक बँड उभा केला गेला. पुढे गाणारा बॉबी तेव्हा पंधरा वर्षांचा होता. १९६१ मध्ये ‘टेक गुड केअर ऑफ माय बेबी’ या गाण्यानं त्याला अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलं.

मग १९६४ उजाडलं, बीटल्स अमेरिकेत उतरले आणि बॉबीच्या पिढीचे गायक एकदम जुने वाटू लागले. त्याच वर्षी त्यानं अल्बम काढला, नावातच सांगून टाकलं की ‘बॉबी व्ही इंग्लंडचा नवा ध्वनी गातो आहे’. त्यातलं ‘शीज सॉरी’ ऐकताना बीटल्सचं ‘शी लव्ह्ज यू’ लगेच आठवतं. नकलेचा आरोप झाला तर नवल नाही. पण बीटल्स मंडळींनी, तो बँड ‘क्वारीमेन’ होता तेव्हा, १९५८ मध्ये पहिल्यांदा पैसे देऊन जे गाणं ध्वनिमुद्रित करून घेतलं, ते बडी हॉलीचं होतं. आणि १ जानेवारी १९६२ रोजी डेक्का कंपनीच्या चाचणीत त्यांनी जी गाणी गायली, त्यांत एक होतं बॉबी व्हीचंच ‘टेक गुड केअर ऑफ माय बेबी’! बॉबीनं इंग्लंडकडून जे घेतलं, त्यातलं बरंचसं त्याच्याच अंगणातून तिकडे गेलेलं होतं. चक बेरी आणि डेट्रॉइटचे कृष्णवर्णीय गायक यांचं ऋण तर त्याहून मोठं, आणि ते सांगायला आपण नेहमी विसरतो.

बीट म्हणजे ‘नुसता गोंगाट’ हा आक्षेप थोडक्यात निपटतो. दोन गिटार, एक बेस, ड्रम्स, दोन-तीन आवाजांचं एकत्र गाणं आणि चार मात्रांत दुसरी व चौथी मात्रा ठासून, एवढाच तो मामला. भजनात आपला हात समेवर पडतो. इथे तो पुढच्या मात्रेवर टाकून बघा, गोंगाटातून घडण वर येते.

हिंदी सिनेमानं चाल उचलली, हे मात्र खरं आहे. ‘जानवर’ (१९६५) मधलं एक गाणं बीटल्सच्या ‘आय वॉन्ट टू होल्ड युवर हँड’वर बेतलेलं आहे आणि ते लपलेलंही नाही. पण तेवढ्यावरून गोव्याचं सगळं संगीत नकलेत काढणं मला अन्यायाचं वाटतं. गोव्याचे गायक रेमो फर्नांडिस यांचंच घ्या. जन्म १९५३ चा. लहानपणी लंडनहून आलेल्या नातलगानं बिल हेलीची रेकॉर्ड आणली. म्हणजे अमेरिकन रॉक गोव्यात पोचलं तेही इंग्लंडमार्गे. शाळेत असताना मित्रांबरोबर त्यांनी बँड काढला, ‘द बीट फोर’. नाव कुठून आलं हे सांगायला नको. १९८४ मध्ये त्यांनी ‘गोवन क्रेझी’ हा अल्बम शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या छोट्या यंत्रावर केला आणि कॅसेटी स्वतः स्कूटरवरून दुकानांत पोचवल्या. विषय गोव्याचे, माणसं गोव्याची. पुढच्याच वर्षी ‘ओल्ड गोवन गोल्ड’मध्ये ते गोव्याच्या जुन्या पारंपरिक गाण्यांकडे वळले, हातात तीच गिटार घेऊन.