घाटाच्या उभारणीची छायाचित्रे आहेत, झिजेची नाहीत

5 एप्रिल 2020 रोजी, देशभर टाळेबंदी असताना, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील अमृतांजन पूल सुरुंग लावून पाडण्यात आला. त्याच्या कमानींमुळे वाहतूक अडत होती, अपघात होत होते, ही तक्रार खोटी नव्हती. पूल पाडावा की राखावा, हा वादही आता संपला आहे. मात्र त्या दिवसांतील बहुतेक बातम्यांत पुलाचे साल 1830 असे छापले गेले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. 1830 हे बोरघाटातील गाडीरस्त्याचे साल. पूल जुन्या रेल्वेमार्गाचा. आणि भारतातील पहिली प्रवासी गाडीच मुळी 1853 मध्ये धावली. ज्याखालून रोज हजारो लोक ये-जा करीत होते, त्या वास्तूचे वय सांगतानाही तीस वर्षांची गफलत व्हावी, यावरून आपल्या नोंदींची अवस्था कळते.

याच घाटातील रेल्वेची उभारणी मात्र छायाचित्रांत टिपली गेली आहे. 1856 ते 1863 या काळात पंधरा-सोळा मैलांच्या अंतरात 1831 फुटांचा चढ गाठण्यासाठी 25 बोगदे खोदले गेले, दऱ्यांवर दगडी पूल बांधले गेले आणि खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवणारे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ उभे राहिले. मजुरी थकल्याने 1859 च्या आरंभी मजुरांनी दंगा केला व त्याच वर्षी फॅव्हिएल या कंत्राटदाराने काम सोडले. त्याच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच आजाराने वारले. त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट सोडले नाही. दोन जाणकार व्यवस्थापक नेमून ते तडीस नेले. बांधकामाच्या छायाचित्रांचा एक संच त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

ही छायाचित्रे का घेतली गेली असावीत? कंपनीचे भांडवल इंग्लंडमधील होते. त्यावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती, आणि तूट पडली की ती भरून निघे येथील महसुलातून. दूर बसलेल्या भागधारकाला आपला पैसा कोठे मुरतो आहे ते दाखवणे सोयीचे होते. ज्या रयतेने हमीचा भार वाहिला, तिला कोणी चित्र दाखवले नाही. कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर घाटात राबत होते. पटकी, ताप आणि अपघात यांत त्यांतले हजारो दगावले. त्या काळच्या काचेच्या प्रतींना उजेड दाखवण्यास काही सेकंद लागत, त्यामुळे हलणारा माणूस चित्रात पुसट होई. राबणारा नेमका हलत असतो.

अर्थशास्त्रात भांडवलाबरोबर घसारा मांडावा लागतो. तो न मांडणारा हिशेब अपुरा. बोरघाटाच्या बाबतीत भांडवल उभे राहतानाची चित्रे आहेत, घसाऱ्याची सलग नोंद नाही. वास्तविक घसारा पहिल्या काही वर्षांतच दिसू लागला होता. 1867 च्या पावसाळ्यात घाटातील एक मोठा दगडी पूल कोसळला. पुढे मार्ग बदलला, वीज आली, दिशा उलटवण्याचे स्थानक निरुपयोगी ठरले. सोडून दिलेल्या चिरेबंदी कामात पावसाने चुना धुपतो, सांध्यांत पिंपळ-उंबर मूळ धरतात, चिरा सरकतो. हे एका वर्षात डोळ्याला जाणवत नाही, दहा वर्षांत जाणवते. पण दहा वर्षांपूर्वीचे चित्र हाती असेल तरच.

चित्रे काढली जात नाहीत असे नाही. पावसाळ्यात लोणावळ्यास लोटणारी गर्दी धबधब्यांची असंख्य छायाचित्रे काढते. त्यांत जुना पूल आलाच तर तो कोणाच्या तरी पाठीमागे, अर्धा कापलेला! नोंदीचे छायाचित्र वेगळे असते. जागा ठरलेली, कोन ठरलेला, मोजपट्टी चौकटीत, तारीख मागे लिहिलेली. एकदा दिवाळीनंतर ओल असताना, एकदा चैत्रात झाडोरा वाळल्यावर. कंटाळवाणे काम आहे, आणि महाविद्यालयाच्या एखाद्या वर्गाला सहज पेलणारे.

परकीय कंपनीच्या अवशेषांचे एवढे कौतुक कशाला, असे कोणी विचारील. कंपनी परकीय होती, घाम येथला होता. मावळातला लोहगड 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. त्याच्याकडे आता चार लोकांचे लक्ष राहील. घाटातील सोडलेल्या रेल्वेकामांना असा कैवारी नाही. चालू मार्गावर विनापरवाना जाणे जिवावरचे आहे आणि बेकायदाही, म्हणून विद्यार्थ्यांना परस्पर पाठवून भागणार नाही. दरडींवर पाळत ठेवणारे रेल्वेचे कर्मचारी त्या वाटांवर नित्य असतात. त्यांच्या सोबतीने वर्षातून दोन दिवस महाविद्यालयांना प्रवेश द्यावा, आणि काढलेल्या चित्रांची एक प्रत रेल्वेकडे, एक लोणावळ्याच्या ग्रंथालयात ठेवावी, एवढाच खर्चाचा बाब आहे.