सायकलचा पुढचा ब्रेक कोणत्या हाताला असावा?

सायकल विकत घेताना आपण चाकांचा आकार, गिअर, रंग आणि किंमत पाहतो. हँडलवरच्या दोन ब्रेकांपैकी कोणता ब्रेक कोणत्या चाकाला जोडलेला आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. दुकानातून जशी जोडून मिळाली, तशीच ती वर्षानुवर्षे चालवली जाते. रोजच्या सावकाश फेरफटक्यात त्याने काही अडत नाही. परंतु वळणावर गुरे आडवी आली किंवा कडेला उभ्या असलेल्या मोटारीचे दार अचानक उघडले, तर विचार करायला उसंत नसते. हाताला जी सवय असेल, तीच त्या क्षणी कामास येते. म्हणूनच हा वरकरणी किरकोळ दिसणारा प्रश्न समजून घेणे आवश्यक आहे.

भारतात सर्वसाधारणपणे उजव्या हाताचा लिव्हर पुढच्या चाकाचा आणि डाव्या हाताचा मागच्या चाकाचा असतो. सळ्यांचे ब्रेक असलेल्या जुन्या काळ्या सायकलींतही हीच रचना होती. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि जपानमध्येही अशीच पद्धत आहे. ब्रिटनमध्ये विक्रीच्या सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असावा, असे २०१० च्या सुरक्षा नियमांनी ठरवून दिले आहे. अमेरिकेत नेमके याच्या उलट आहे. तेथील नियमानुसार मागचा ब्रेक उजव्या आणि पुढचा डाव्या हाताला असतो. ग्राहकाने तशी मागणी केल्यास मात्र बाजू बदलून देता येते. युरोपातील बहुतेक देशांतही पुढचा ब्रेक डावीकडेच आढळतो.

हा फरक का पडला, याचे एक कारण वाहतुकीच्या बाजूत शोधले जाते. डावीकडून वाहने चालवणाऱ्या देशांत उजवीकडे वळणे अधिक जोखमीचे असते, कारण समोरून येणारी वाहतूक ओलांडावी लागते. त्या वेळी उजवा हात इशाऱ्यासाठी बाहेर काढावा लागतो आणि हँडलवर केवळ डावा हात उरतो. एका हाताने पुढचा ब्रेक जोरात आवळला, तर तोल जाण्याची भीती असते. म्हणून त्या हाताशी मागचा ब्रेक असावा, अशी ही मांडणी आहे. उजवीकडून वाहने चालवणाऱ्या देशांत हेच गणित उलटे होते.

गोव्याच्या बाबतीत येथे एक इतिहास जोडलेला आहे. पोर्तुगालने १९२८ मध्ये वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. गोवा, मकाव आणि मोझांबिक या त्यांच्या ताब्यातील प्रदेशांना मात्र डावी बाजू कायम ठेवावी लागली, कारण त्यांच्या लगतच्या प्रदेशांत वाहने डावीकडून जात होती. त्यामुळे मुक्तीनंतर गोमंतकीयांना रस्त्याची बाजू बदलावी लागली नाही. सायकलींच्या बाबतीतही आपली सवय शेजारच्या मुलखासारखीच राहिली.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. पुढच्या ब्रेकला एवढे महत्त्व का? सायकल थांबू लागली की स्वाराचे आणि सायकलचे वजन पुढे सरकते. पुढचे चाक जमिनीवर अधिक दाबले जाते आणि मागचे हलके होते. हलके झालेले चाक लवकर अडते आणि घसरू लागते. म्हणून मागचा ब्रेक कितीही जोरात आवळला, तरी त्याची ताकद एका मर्यादेपलीकडे जात नाही. याउलट ब्रेक जितका जोराचा, तितकी पुढच्या चाकाची रस्त्यावरील पकड वाढत जाते.

हे आकड्यांत मांडता येते. दोन्ही चाकांतील अंतर एक मीटर, स्वारासह सायकलचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १.१ मीटर उंच आणि पुढचे चाक जेथे टेकते तेथून ०.६ मीटर मागे आहे, असे धरू. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी अशी सायकल केवळ मागच्या ब्रेकने थांबवायला साधारण सहा मीटर लागतात. पुढचा ब्रेक कौशल्याने वापरल्यास हेच काम सुमारे तीन मीटरांत होते. ब्रेक आवळण्यापूर्वी जाणारा वेळ यात धरलेला नाही. उरलेले तीन मीटर म्हणजे जवळजवळ एका लहान मोटारीची लांबी. अपघात होणे आणि टळणे यांत अनेकदा एवढेच अंतर असते.

तरीही पुढच्या ब्रेकची धास्ती अनेकांच्या मनात घर करून असते. ‘पुढचा दाबू नकोस, उलटून पडशील’ असे मुलांना सायकल शिकवताना हमखास सांगितले जाते. ही भीती निराधार नाही. वरच्या उदाहरणातील सायकलचा पुढचा ब्रेक मर्यादेबाहेर आवळला, तर मागचे चाक खरोखरच उचलले जाईल. परंतु पुष्कळदा पडण्याचे कारण निराळे असते. सायकल थांबते, पण हात सैल असल्याने स्वाराचे शरीर पुढे जात राहते आणि तो हँडलवर आदळतो. हात ताठ रोवून आणि बैठक थोडी मागे सरकवून ब्रेक क्रमाक्रमाने आवळला, तर हा धोका बराच कमी होतो. मोकळ्या मैदानावर हळू वेगात सराव केला, तर थोड्याच दिवसांत हाताला अंदाज येतो. भीतीपोटी पुढचा ब्रेक ढिला सोडून देणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

मग बाजू कोणती निवडावी? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी दारात उभ्या असलेल्या दुचाकीने दिलेले आहे. मोटरसायकल असो वा स्कूटर, पुढच्या चाकाचा हातब्रेक उजवीकडेच असतो आणि ती रचना आपल्याला बदलता येत नाही. सायकलचा पुढचा ब्रेकही उजवीकडे असेल, तर एका वाहनावरची सवय दुसऱ्यावर उपयोगी पडते. बहुसंख्य लोकांचा उजवा हात अधिक सफाईने चालतो, हेही या बाजूने सांगता येईल, कारण पुढच्या ब्रेकला ताकदीपेक्षा नेमकेपणाची गरज अधिक असते. डावखुऱ्या व्यक्तीला डावी बाजू सोयीची वाटू शकते. मात्र ती व्यक्ती स्कूटरही चालवत असेल, तर दोन वाहनांवर दोन सवयी ठेवण्यापेक्षा उजवी बाजूच बरी. ज्यांच्या एका हाताची पकड दुखापतीने किंवा वयोमानाने क्षीण झाली आहे, त्यांनी मात्र सशक्त हाताकडे पुढचा ब्रेक घ्यावा.

स्कूटर चालवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना संयुक्त ब्रेक किंवा एबीएस बंधनकारक झाले. संयुक्त ब्रेक असलेल्या स्कूटरचा डावा लिव्हर दाबला की मागच्या चाकासोबत पुढचाही ब्रेक लागतो. त्यामुळे केवळ डावा हात वापरण्याची सवय जडते. तोच हात सायकलवर आला की त्याच्या वाट्याला फक्त मागचा ब्रेक येतो. स्कूटर सहज थांबते, मग सायकल का थांबत नाही, असा अनुभव येत असेल, तर त्याचे कारण येथे असू शकते.

आपल्या सायकलची रचना तपासणे सोपे आहे. सायकलशेजारी उभे राहून फक्त उजवा लिव्हर आवळावा आणि सायकल पुढे ढकलावी. पुढचे चाक अडून मागचे उचलू लागले, तर उजवीकडे पुढचा ब्रेक आहे. ऑनलाइन मागवून घरी जोडलेली, परदेशातून आणलेली किंवा भाड्याने घेतलेली सायकल चालवण्यापूर्वी ही चाचणी अवश्य करावी. परदेशी पाहुण्यांना सायकल देणाऱ्यांनी त्यांनाही ही बाजू दाखवून द्यावी, कारण त्यांच्या हाताची सवय बहुधा उलटी असते.

बाजू बदलायची असल्यास वायरचे ब्रेक असलेल्या सायकलवर हे काम कोणताही सायकल दुरुस्त करणारा करून देतो. नव्या बाजूने आलेली वायर कोठे तीव्र कोनात वाकत नाही ना, आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवल्यावर ती ताणली जात नाही ना, हे पाहून घ्यावे. तेलावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकमध्ये नळ्यांची अदलाबदल करून आतली हवा काढावी लागते, म्हणून ते काम जाणकारावरच सोपवावे. बदल केल्यावर पहिले काही दिवस रहदारीपासून दूर राहावे, कारण जुनी सवय मोडायला वेळ लागतो.

पावसात या नियमांना मुरड घालावी लागते. शेवाळलेला रस्ता, ओला पालापाचोळा, चिऱ्यांची भुकटी किंवा सुटी खडी यांवर पुढचे चाक घसरले, तर तोल सावरणे अवघड जाते. अशा ठिकाणी वेग आधीच कमी करावा आणि मागच्या ब्रेकवर भर द्यावा. वळणावर शिरण्यापूर्वीच ब्रेक लावून घ्यावा. रिमवर रबर घासणारे ब्रेक ओले झाले की बरेच दुबळे होतात, विशेषतः लोखंडी रिमवर. थांबण्याच्या जागेच्या बऱ्याच आधी ते हलकेच लावल्यास रिमवरचे पाणी पुसले जाते.

एका घरात दोन-तीन सायकली असतील, तर त्या सगळ्यांची रचना सारखी असावी. मुलाची सायकल आज छोटी आहे. उद्या तो मोठी चालवील आणि पुढे स्कूटरवर बसेल. त्याच्या उजव्या हाताला पुढच्या ब्रेकची ओळख आजच झाली, तर पुढच्या प्रत्येक वाहनावर ती त्याच्या कामी येईल.