आँ प्रीमर आस्वादन

आँ प्रीमर आस्वादन हा फ्रान्समधील बोर्दो येथे दरवर्षी वसंत ऋतूत होणारा, वाइनच्या व्यापाराशी संबंधित व्यक्तींसाठी राखून ठेवलेला चवपरीक्षणाचा कार्यक्रम होय. आदल्या शरद ऋतूत तोडलेल्या द्राक्षांची वाइन या वेळी ओक लाकडाच्या पिंपांत मुरत असते. तिचे नमुने चाखून व्यापारी व समीक्षक आपले मत बनवतात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत वाइनचे भाव जाहीर होतात. खरेदीदार पैसे आधी भरतो. बाटल्या त्याच्या हाती साधारणतः दोन वर्षांनी पडतात. विक्रीयोग्य होण्यापूर्वीच मालाचे मूल्यमापन होत असल्यामुळे चाखणाऱ्याच्या मताला येथे मोठे आर्थिक महत्त्व असते.

आयोजन

१९७३ मध्ये स्थापन झालेली ‘युनियन द ग्राँ क्रू द बोर्दो’ ही उत्पादकांची संघटना आपल्या सुमारे १३० सदस्यांच्या वाइनचे एकत्रित आस्वादन आयोजित करते. लातूर, मार्गो यांसारख्या प्रथम श्रेणीच्या वाइन-उत्पादक मळ्यांच्या, म्हणजेच ‘शातों’च्या वाइन मात्र वेळ ठरवून प्रत्यक्ष तेथे जाऊनच चाखाव्या लागतात.

उपस्थित वर्ग

बोर्दोतील नामांकित शातो सहसा ग्राहकाला थेट विक्री करत नाहीत. शातो आणि घाऊक व्यापारी यांच्यातील व्यवहार दलाल जुळवतो व त्याबद्दल परंपरेने दोन टक्के दलाली घेतो. घाऊक व्यापारी पुढे परदेशी आयातदारांना माल विकतो. हे तिन्ही घटक आस्वादनास उपस्थित असतात. त्यांच्याबरोबर किरकोळ विक्रेते, उपाहारगृहांतील वाइनतज्ज्ञ आणि पत्रकार येतात. एकाच पेल्यातून प्रत्येकाला वेगळे काही जाणून घ्यायचे असते : आयातदार संभाव्य भावाचा अंदाज घेतो, वाइनतज्ज्ञ ती कोणत्या पदार्थांबरोबर शोभेल हे पाहतो, तर पत्रकार वाचकांसाठी गुण व टिपण लिहितो.

पद्धत आणि शिष्टाचार

पेल्यात वाइन थोडीच ओततात. आस्वादनासाठी १९७७ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बनवलेला, सुमारे २१५ मिलिलिटर क्षमतेचा, तोंडाशी निमुळता पेला प्रचलित आहे. निमुळत्या आकारामुळे गंध आत टिकून राहतो. प्रथम रंग पाहतात, मग पेला गोल फिरवून वास घेतात. घोट तोंडात घोळवून, हवा आत ओढून आम्लता, तुरटपणा व चवीचा रेंगाळ तपासतात आणि वाइन पिकदाणीत थुंकतात. एरवी असभ्य मानले जाणारे थुंकणे येथे शिस्तीचे लक्षण ठरते. एका दिवसात अनेक डझन नमुने चाखायचे असल्याने ते न केल्यास निर्णयशक्ती मंदावते. कोवळ्या लाल वाइनमधील टॅनिनमुळे तोंड कोरडे पडते व तिच्यातील रंगद्रव्यांमुळे दात जांभळट होतात. त्यामुळे मधूनमधून पाणी व पावाचा तुकडा घेतात.

अत्तर लावून येणे गैर समजतात, कारण त्याच्या दरवळाने इतरांना वाइनचा गंध कळत नाही. नमुना घेताच टेबलापासून बाजूला होणे, पिकदाणीची वाट न अडवणे हेही संकेत पाळले जातात. शेजाऱ्याच्या मतावर परिणाम होऊ नये म्हणून मोठ्याने शेरेबाजी टाळतात. उत्पादक स्वतः समोर उभा असल्यास बहुतेक जण मोजके बोलून आपला निष्कर्ष वहीत नोंदवतात. हा संकोच टाळण्यासाठी काही समीक्षक नावे झाकलेले नमुने पसंत करतात.

प्रभाव आणि टीका

अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी १९८२ च्या बोर्दो वाइनची केलेली प्रशंसा गाजली. पुढे त्यांच्या शंभर गुणांच्या श्रेणीचा भावांवर दीर्घकाळ प्रभाव राहिला. चाखायला दिलेला नमुना अंतिम मिश्रणाशी तंतोतंत जुळेलच असे नाही, तसेच मूल्यांकनाची चूक झाल्यास तिची झळ आगाऊ पैसे भरणाऱ्या ग्राहकाला बसते, असे आक्षेप या पद्धतीवर घेतले जातात. २०१२ मध्ये शातो लातूरने आँ प्रीमर विक्रीतून बाहेर पडण्याचे जाहीर केले व वाइन मुरल्यावरच बाजारात आणण्याचे धोरण स्वीकारले.