वाचनाचीं दहा मिनिटें

मुलांना वाचावयास शिकविणें आणि मुलांना वाचूं देणें ह्या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीस वेळापत्रकांत हक्काचा तास असतो. दुसरीच्या वाट्यास उरलासुरला वेळ येतो, व अभ्यासक्रम मागें पडला कीं तोहि जातो. ज्या घरीं क्रमिक पुस्तकांखेरीज दुसरें पुस्तक नाहीं, तेथील मुलास वर्गांत वाचावयास न मिळाल्यास तें अन्यत्र बहुधा मिळतच नाहीं. महाराष्ट्रांत २०१५ सालापासून १५ ऑक्टोबर हा वाचन-प्रेरणा दिन म्हणून पाळतात, हें स्तुत्यच आहे. परंतु वाचनाची गोडी लागते ती नित्याच्या सहवासानें.

ह्या बाबतींत जपानचें उदाहरण बोधप्रद आहे. तेथील चिबा प्रांतांतील एका हायस्कुलांत १९८८ सालीं, शिकवणें सुरू होण्यापूर्वीं, रोज सकाळीं दहा मिनिटें वाचनाचा प्रघात पडला. नियम चारच: सर्वांनीं वाचावें, दररोज वाचावें, आवडेल तें वाचावें, आणि केवळ वाचावें; त्यावर निबंध नाहीं कीं परीक्षा नाहीं. 'सर्वांनीं' ह्या शब्दांत शिक्षकहि आले. पुढें हा प्रघात तेथील प्राथमिक शाळांतहि पसरला.

तथापि लहान मुलांच्या वर्गांत एवढ्यानेंच भागत नाहीं. मुलांना नुसतें मुकाट्यानें वाचावयास बसविल्यानें त्यांचें वाचन सुधारतें, असें ठरविण्यास पुरेसा पुरावा नाहीं, असा अभिप्राय अमेरिकेंतील राष्ट्रीय वाचन समितीनें २००० सालच्या आपल्या अहवालांत दिला. तो वाचतांना शिक्षकाच्या डोळ्यांपुढें एक परिचित दृश्य उभें राहतें. ज्यास अक्षरें नीट जुळवितां येत नाहींत, असा मुलगा चित्रें पाहतो, पानें उलटतो आणि घंटेची वाट पाहतो. वर्ग शांत असतो. त्याचें वाचन मात्र होत नसतें.

म्हणून पूर्वतयारी हवी. वेळ ठराविक असावी. हजेरीनंतरचीं दहा मिनिटें सोयीचीं. पहिलीच्या मुलांस आरंभीं पांचच मिनिटें द्यावीं व हळूहळू वाढवावीं. पुस्तकें कपाटांत कुलुपांत न ठेवतां, भिंतीलगत दोरीवर, मुलांचा हात पोंचेल अशीं मांडावीं. निवड मुलाचीच असावी. मात्र एका पानावर पांचांहून अधिक शब्द अडले, तर तें पुस्तक तूर्त ठेवून सोपें घ्यावें, हें त्यास शिकवावें. शिक्षकानें त्या वेळीं वह्या तपासूं नयेत. एखादे दिवशीं त्यानें स्वतःचें पुस्तक वाचावें. इतर दिवशीं ज्याचें वाचन कच्चें, त्याच्याजवळ बसून हलक्या आवाजांत एक पान त्याच्याकडून ऐकावें व अडेल तेथें साह्य करावें. शेवटीं आपण काय वाचलें हें प्रत्येकास शेजाऱ्यापाशीं सांगूं द्यावें. त्यास गुण नसावेत.

ह्या योजनेस खर्च थोडा, परंतु निष्ठा फार लागते. परीक्षा जवळ आली म्हणजे प्रथम हींच दहा मिनिटें कापावींशीं वाटतात. तीं नेटानें राखलीं, तरच घरीं पुस्तक नसलेल्या त्या मुलास वाचक होण्याची संधि आपण खरोखर दिली, असें म्हणतां येईल.