उत्तरवयांतील प्रार्थना

नोकरी संपली म्हणजे मनुष्याला विश्रांति मिळते, पण दिवसाची घडीहि मोडते. इंग्लंडांतील कित्येक वृद्धांना अशा वेळीं एक जुना ग्रंथ उपयोगीं पडला आहे. थॉमस क्रॅन्मर याच्या देखरेखीखालीं १५४९ सालीं सिद्ध झालेल्या प्रार्थना-पुस्तकानें मठांतील अनेक प्रहरांच्या उपासना एकत्र करून सकाळ व सायंकाळ अशा दोनच ठेविल्या. आणि बायबलांतील १५० स्तोत्रें महिन्याच्या ३० दिवसांत वांटून दिलीं. या क्रमानें दर महिन्याच्या १४ तारखेस सकाळीं ७१ वें स्तोत्र येतें. म्हातारपणीं देवानें आपणांस टाकूं नये, अशी त्यांत याचना आहे. त्या दिवशीं वाचणाराची मनःस्थिति कशीहि असो, शब्द तयार असतात. या प्रार्थनांचें मर्म हेंच. स्वतःचे शब्द आटले, श्रद्धा क्षीण झाली, जन्माची सोबत सुटली, तरी पूर्वजांनीं योजिलेलें वाक्य आधारास उभें राहतें. सायंप्रार्थनेंत रात्रीच्या संकटांपासून रक्षण करण्याची विनवणी आहे. ती एकट्यानें म्हटली तरी तींत मागणें असतें तें ‘आमच्या’साठीं, आणि ज्याच्या घरांत दुसरें कोणी उरलेलें नाहीं, त्याला तेवढ्यानेंहि धीर येतो.