खाटेवरच्या माणसासाठी नंदाखाल

विरार स्टेशनाच्या पश्चिमेकडून आगाशीच्या वाटेला लागलं की बोळींजच्या इमारती मागे पडतात आणि केळी, नारळ, पानवेली, फुलं आणि भाजीच्या वाड्या सुरू होतात. नंदाखाल याच पट्ट्यातलं. सोळाव्या शतकात स्थापन झालेलं होली स्पिरिट चर्च ही गावाची खूण, सामवेदी ख्रिस्ती ही इथली मोठी वस्ती आणि पश्चिमेला जवळच राजोडीचा किनारा. हरित वसईसाठी लढलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (1942-2024) याच परिसरात जन्मले. मुंबईच्या फ्लॅटमध्ये आईवडिलांना सांभाळणं अशक्य झालेल्या कुटुंबाची नजर अशा गावाकडे वळणं स्वाभाविक आहे: हवा स्वच्छ, गोंगाट कमी, मुंबई रेल्वेच्या टप्प्यात. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या वाट्याला हवा आणि हिरवळ खिडकीएवढीच येते. त्याचा दिवस बरा जातो की वाईट, हे त्याला उचलणाऱ्या हातांवर ठरतं. गावाची पारख या हातांवरून केली, तर नंदाखाल आपल्या आणि शेजारच्या गावांतल्या वृद्धांसाठी उत्तम ठिकाण आहे आणि मुंबईहून आणून एकाच मोठ्या संस्थेत ठेवलेल्या शंभर रुग्णांसाठी चुकीचं, असं माझं मत आहे.

हातांचा हिशेब आधी मांडायला हवा, कारण अशा संस्थांच्या माहितीपत्रकांत तोच नसतो. पक्षाघाताने एक बाजू गेलेल्या किंवा खुब्याचं हाड मोडून पडून राहिलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर माकडहाडावर, टाचांवर, खुब्यांवर आधी लाल डाग दिसतो, मग कातडी सोलवटते आणि काही दिवसांतच जखम खोल जाते. एअर मॅट्रेस घातली म्हणून कूस बदलणं टळत नाही. म्हणजे चोवीस तासांत बारा वेळा आणि जड माणूस असेल तर दर वेळी दोघांनी. वीस खाटांच्या घरात रात्रपाळीला दोन मावशी असतील आणि दोघींनी मिळून प्रत्येक रुग्णामागे कूस बदलणं, डायपर पाहणं, चादर सरळ करणं यात पाचच मिनिटं जातील असं धरलं, तरी एक फेरी शंभर मिनिटांची होते. दोन तासांतली वीस मिनिटं उरतात. त्यात कुणाला ठसका लागला, कुणी नाकातली नळी ओढून काढली, कुणी उठायला जाऊन पडलं, तर पुढची फेरी चुकलीच. म्हणून जागा पाहायला जाणाऱ्याने बाग किती मोठी हे विचारण्याआधी रात्री दहा ते सकाळी सहा कामावर किती माणसं असतात, ती कुठून येतात आणि किती महिने टिकतात, हे विचारावं. परिचारिका पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत दुसऱ्या जिल्ह्यातून किंवा परराज्यातून आलेली मुलगी वर्षभरही टिकत नसेल, तर रुग्णाला दर वेळी नव्या हातांची सवय करावी लागते.

इथेच नंदाखालचं पारडं जड होतं. देशभरच्या अभ्यासातून साठीपुढच्या दर शंभरांपैकी सात-साडेसात जणांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज पुढे आला आहे. या आजारात नंतर शिकलेल्या भाषा बहुधा आधी निसटतात आणि लहानपणीची बोली उरते. इथल्या ख्रिस्ती घरांत ती सामवेदी, म्हणजे कादोडी. शाळेत मराठी, कचेरीत इंग्रजी आणि लोकलमध्ये हिंदी बोललेली बाई ऐंशीव्या वर्षी पाणी मागते ते कादोडीत. ती बोली न कळणाऱ्या परिचारिकेला ही म्हातारी उगाच बडबडते आहे किंवा चिडली आहे असं वाटतं, आणि चिडलेल्या रुग्णाला गप्प करायला गोळी दिली जाते. गावातली, बोली जाणणारी बाई कामाला असली की यातल्या कितीतरी गोळ्या टळतील. शिवाय चर्चचा धर्मग्राम, म्हणजे पॅरिश आहे. आजाऱ्यांना घरी जाऊन कम्युनियन देण्याची प्रथा असल्याने कोण अंथरुणाला खिळलं आहे, कुणाच्या घरी दिवसा कुणीच नसतं, हे सगळं पॅरिशला ठाऊक असतं. जुन्या बैठ्या घरांना जिन्याचा जाच नाही आणि ओट्यावर बसवलेल्या माणसाला येणारे-जाणारे ओळखतात. परक्या गावाहून आणलेल्या रुग्णाला यातलं काहीच मिळत नाही. त्याच्यासाठी नंदाखाल हा फक्त एक पत्ता.

उणिवाही आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. विरार स्टेशन चार-पाच किलोमीटर. पण छातीत दुखू लागलेल्या माणसाला गाठायचं असतं रुग्णालय. वसईचं कार्डिनल ग्रेशस रुग्णालय किंवा महापालिकेचं सर डी. एम. पेटिट रुग्णालय साधारण दहा-बारा किलोमीटरवर आणि रविवारी अर्नाळा-राजोडीकडे गाड्यांची रीघ लागली की हे अंतर आणखी लांबतं. वाड्यांमधल्या कित्येक गल्ल्यांत रुग्णवाहिका शिरली तरी वळत नाही. त्यात पावसाळा. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या आणि तालुक्यातल्या कित्येक वस्त्या वीज नसताना पाण्यात अडकल्या. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि हवेची गादी दोन्ही विजेवर चालतात. आगीचा धडा तर याच भागाने दिला आहे: 23 एप्रिल 2021 च्या पहाटे विरार पश्चिमेतल्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून कोविडचे किमान 13 रुग्ण दगावले. स्वतः उठून बाहेर पडू न शकणाऱ्या माणसांना इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर ठेवूच नये, ही अट मला बाकी सगळ्या सोयींच्या वर वाटते. मोठ्या प्रकल्पाला नेमकी ती परवडत नाही, कारण जमिनीचा भाव मजले चढवायला लावतो.

कायद्याचा आधार आहे, पण अर्धवट. आजारी, जखमी किंवा विकलांग माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा देणारी जागा 1949 च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली येते; वृद्धाश्रमाची पाटी लावून आत नळ्या आणि कॅथेटर सांभाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ज्येष्ठांच्या 2007 च्या कायद्यात जिल्ह्याला किमान एक, दीडशे निराधारांची सोय होईल असा वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. तिचा भर निवाऱ्यावर आहे, शुश्रूषेवर नाही. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारतचं वर्षाला 5 लाखांचं कवच मिळालं, ही मोठी गोष्ट. मात्र ते रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे. डिस्चार्ज होऊन घरी आल्यावर पुढची तीन-चार वर्षं कूस बदलणाऱ्या बाईचा पगार कुणी द्यायचा, याचं उत्तर त्यात नाही.

यावर पहिला आक्षेप गावातूनच येईल: आईबापांना सांभाळणं हे घराचं काम, त्यासाठी संस्था कशाला? भावना खरी आहे, आणि घरातलं माणूस घरात राहावं असंच मलाही वाटतं. पण घर सांभाळतं म्हणजे बहुतेक वेळा एक बाई सांभाळते. अनेक घरांतला मुलगा आखातात किंवा कॅनडात आहे, सून पहाटेची लोकल धरून साठ किलोमीटरवरच्या चर्चगेटला जाते आणि मागे उरते ती पासष्ट-सत्तरीची बायको, जिची स्वतःची कंबर गेलेली असते. तिच्या मदतीला दिवसातून दोनदा शिकलेलं माणूस आलं, तर कुटुंबाचा धर्म बुडत नाही, उलट तो पाळणं शक्य होतं. दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि अधिक भक्कम: लहान घराला पूर्णवेळ परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, जनित्र हे सगळं परवडत नाही; मोठ्या संस्थेत खर्च वाटला जातो. हे मान्य. म्हणून खर्च वाटून घ्यावा, रुग्ण एका छताखाली गोळा करू नयेत. केरळने 2008 मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं धोरण स्वीकारलं आणि पंचायतींनी नेमलेल्या परिचारिका, गावचे स्वयंसेवक सोबत घेऊन, घरोघर जाऊ लागल्या. नंदाखाल, आगाशी, उमराळे, निर्मळ, वटार ही गावं इतकी लगत आहेत की एका गाडीत दोन परिचारिका सकाळभरात कितीतरी घरं करू शकतील. पैसा उभारण्याची रीतही इथे परकी नाही. बॅसीन कॅथोलिक बँक 1918 मध्ये याच तालुक्यातल्या लोकांनी सहकारातून उभी केली.

हे जमलं तरी खाटा लागतीलच. घरचं माणूस स्वतः आजारी पडलं, शस्त्रक्रियेनंतरचे पंधरा दिवस काढायचे असले किंवा मागेपुढे कुणीच नसलं, तर जायचं कुठे? त्यासाठी रुंद रस्त्याला लागून, पाणी न भरणाऱ्या उंचवट्यावरचं एखादं बैठं घर पुरे. दरवाजे स्ट्रेचर वळेल एवढे, मागच्या बाजूने दुसरी वाट, रात्रपाळीला सहा खाटांमागे दोन माणसं. कामाला गावातल्या चाळिशी-पन्नाशीच्या बाया घ्याव्यात, त्यांना रीतसर शिकवावं आणि मोलकरणीचा नव्हे, प्रशिक्षित कामाचा पगार द्यावा, भविष्य निर्वाह निधीसकट. तो नाही दिला तर त्या विरारच्या रुग्णालयांत जातील, आणि त्यात त्यांची चूक नसेल. आधी गाडी आणि परिचारिका, मग चार खाटा. एका पावसाळ्यात जनित्र किती तास चाललं, रात्रीच्या किती फेऱ्या चुकल्या, किती जणांना जखमा झाल्या, याची वही गावासमोर ठेवून मगच पाचवी खाट घालावी.