जुना एअरस्ट्रीम घेताय? आधी तळ तपासा!

एअरस्ट्रीमचे संस्थापक वॉली बायम यांचा १९३६ चा ‘क्लिपर’ आठवा: रिव्हेट ठोकून जोडलेला, चकाकत्या ॲल्युमिनियमचा, गाडीमागे ओढायचा राहता ट्रेलर. अमेरिकेत असे जुने एअरस्ट्रीम हौशी लोक आजही राहण्याजोगे करून घेतात.

पत्रा टिकतो, कुजतं ते खालचं प्लायवुड. सांध्यांतून झिरपलेलं पाणी भिंतीआडून तिथेच मुरतं. मागच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर टोचा. लोण्यात गेल्यासारखा आत गेला, तर तळ बदलायचाच.

क्रम चुकवू नका: आधी चासी आणि गळती, मग वायरिंग, प्लंबिंग, इन्सुलेशन, ओटा-पलंग शेवटी. सामान मांडताना तोल सांभाळा. एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर हवा. मागे जड झाला, तर ट्रेलर रस्त्यावर डोलतो.

रंग नंतर निवडा मंडळी, आधी पाणी थांबवा!